चीला आई आठवेनाशी होते तेव्हा

वर्धा, मे महिना. दुपारी ऊन उतरेपर्यंत कूलरसमोर बसून भाचीबरोबर ‘चीज् स्वीट होम’चे भाग पाहिले. कोनामी कानाता यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारित ही २००८ची जपानी मालिका. एकेक भाग जेमतेम तीन मिनिटांचा. आईपासून ताटातूट झालेलं ‘ची’ हे मांजरीचं पिल्लू योहेई नावाच्या छोट्या मुलाच्या घरी येतं, आणि त्या इमारतीत प्राणी पाळायला मनाई! म्हणून त्याला लपवत वाढवायचं.

आमच्या वर्ध्यात मांजर लपवावी लागत नाही. ती कवेलूंवरून चार घरं फिरते, दूध एकीकडे पिते, बाळंत दुसरीकडे होते, उन्हाळ्यात माठाखालच्या ओल्या रेतीत पसरते. म्हणूनच मालिकेतल्या काळ्या बोक्याची गोष्ट मनाला लागली. तो दिसल्याचं कळतं आणि त्याच्या माणसांना घर सोडावं लागतं. चीचा एकुलता एक गुरू जातो.

पण खरी हुरहूर वेगळीच. सुरुवातीला चीला आईकडे परत जायचं असतं. मग खाऊ, खेळ, योहेईची कूस यांत ती हळूहळू विसरते की आपल्याला कुठे जायचं होतं. यात कुणी दुष्ट नाही. जिवापाड लावलेली मायाच आधीची माया पुसत जाते. लहान मुलांच्या मालिकेनं हे इतक्या हळुवारपणे दाखवावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. भाचीनं विचारलं, “मामा, तिची आई तिला शोधत असेल का?” मी म्हटलं, “हो, शोधतच असेल.”