सध्या

सावेडी, नगर

ती. माईस सा. नमस्कार.

जिल्ह्याचं नाव २०२४ला अहिल्यानगर झालं, पण हात 'नगर'च लिहितो. जिभेचंही तसंच. परवा भिशीत एकीनं विचारलं, "मुलगा काय करतो?" मी म्हणाले, "सध्या घरीच असतो." मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर तो पुण्याहून एक बॅग नि पुस्तकांची दोन पोती घेऊन आला, तेव्हापासूनचं हे 'सध्या'. आता तो ३१चा आहे.

राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८. म्हणजे अजून सात वर्षं कुणी 'पुरे' म्हणायला नको. त्यात २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. इतकी वर्षं गोळे रंगवणारा हा आता बोटं दुखेपर्यंत निबंध लिहितो. सकाळी सातला अभ्यासिका, संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या. आळशी नाही गं.

हिवरे बाजारचं आपण किती कौतुक करतो! १९९०नंतर पाणलोटाची कामं झाली, विहिरींना पाणी आलं, बाहेर गेलेली कुटुंबं गावी परतली. तिथला परतलेला कांद्याच्या वाफ्यात दिसतो. आमचा दाराआड असतो, म्हणून चौकशा. सासऱ्यांच्या पारनेरच्या वाड्यात लग्न झालेले तिघे भाऊ एका चुलीवर जेवायचे, त्यांना कुणी 'सध्या' म्हटलं नाही. (चुलीपुढे कोण बसायचं ते सोड.)

गेल्या महिन्यात त्यानं शिकवणीच्या पैशांतून लाइटबिल भरलं. ह्यांनी चौदाशे साठ रुपये मोजून त्याच्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "घर अजून मी चालवतोय." नोटा दोन दिवस कंपासपेटीखाली तशाच. तिसऱ्या दिवशी बघते तर देवघरातल्या डब्यात. कुणी ठेवल्या, दोघंही बोलेनात.

आणि ते गेट! दहाला ह्यांचं कुलूप पडतं. उशीर झाला की हा बाप्या बेल वाजवत उभा, शेजारचं कुत्रं भुंकतंय, मी गाऊनवर ओढणी घेऊन धावतेय. मग झाकलेलं ताट ओट्याशी उभ्यानंच संपवतो. "आई, तू झोप."

काल भाजीला म्हणून बाहेर पडले आणि गेटची तिसरी किल्ली करून आणली. त्याच्या बुटात ठेवलीय. ह्यांना सांगितलेलं नाही. फोनवर तूही बोलून जाऊ नकोस.

तुझी,
धाकटी