भाकरी कमी करताना

आमच्या घरी कोंबडी शिजते ती मागच्या पडवीत, निराळ्या शेगडीवर आणि निराळ्या पातेल्यात. आई माळकरी आहे. देहू जवळ असल्यामुळे तळवड्यात हे कुणाला नवलाचे वाटत नाही. एकादशीला ती शेगडी पेटत नाही, बीजेच्या दिवशीही नाही. वडील होते तेव्हा रविवारचा रस्सा तेच करीत. एकोणपन्नासाव्या वर्षी रात्रपाळीहून परतले, छातीत दुखते म्हणून आडवे झाले आणि उठले नाहीत. असा काटक माणूस कसा गेला, हे गावात अजूनही बोलले जाते. आम्ही आता चव्वेचाळीस वर्षांचे आहोत.

काटकपणाचा हा वारसा आम्हीही मिरवीत होतो. वजन चौसष्ट किलो. कुणी कधी जाडे म्हटले नाही. गेल्या वर्षीच्या तपासणीत मात्र एचबीएवनसी ६.३ आले. ६.५ पासून मधुमेह धरतात, म्हणजे आम्ही उंबरठ्यावर. डॉक्टरांनी कंबरेला टेप लावली तर ती ९४ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही हद्द मानतात. हात काडीसारखे आणि सदऱ्याआड पोट, अशी मूर्ती आमच्या कंपनीच्या बसमध्ये दर दुसऱ्या आसनावर दिसेल.

तिचे वर्णन पुण्यातच झालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३, परंतु अंगातली चरबी यडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. हे वाचले तेव्हा आम्हांला वडिलांचा चेहरा आठवला. ‘पुरुषांचे आरोग्य’ म्हटले की जाहिरातवाल्यांना फुगलेले दंड आणि कुजबुजीने सांगायच्या गोष्टी सुचतात. पोटाच्या घेराविषयी कुणी कुजबुजतही नाही.

तर आता बुधवारी आणि रविवारी रात्री पडवीत आम्ही उभे असतो. पाव किलो बिनहाडाची कोंबडी घेतली की पन्नासेक ग्रॅम प्रथिने मिळतात. कर्बोदके जवळजवळ नाहीतच. ती येतात भाकरीतून. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत चाळीसेक ग्रॅम, वर वाटीभर भात घेतला की तितकीच आणखी. म्हणून खरे तर बदल कोंबडीत नव्हे, रश्श्यात करावा लागला. आपला रस्सा मुळी भाकरी बुडवण्यासाठीच जन्माला आलेला आहे. तो पातळ केला की हात आपोआप दुसऱ्या भाकरीकडे जातो. म्हणून आम्ही सुके करतो. तुकड्यांना हळद, मीठ, आले-लसूण लावून अर्धा तास ठेवायचे. चमचाभर तेलात कांदा परतायचा, पण एकच. चाकणचा बाजार जवळ म्हणून पूर्वी चार-चार कांदे चिरत असू, आणि गोडवा कुठून येतो याचा विचार करीत नसू. सुके खोबरे भाजून, पण मूठभर नव्हे, चिमटीभर. त्यातली चरबीही हृदयाला फार मानवणारी नाही. मग तुकडे घालून झाकण, झाकणावर पाणी. कोंबडी आपल्याच पाण्यात शिजते. शेवटी मिरपूड आणि भरपूर कोथिंबीर. बटाटा नाही. वडील बटाटा घालीत, आणि तो आम्हांला कोंबडीपेक्षा आवडे, हेही सांगून टाकतो. ताटात बाजूला परतलेली कोबी, काकडी, मुळा. भाकरी अर्धी. (साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता भाकरी सोडू नये; साखर एकदम उतरते.)

आईला हे पटलेले नाही. “आरं, तुझा आजा चार भाकऱ्या खायचा,” ती उंबऱ्याबाहेरून म्हणते. आजोबा दिवसभर नांगरामागे चालत. आम्ही दिवसभर पडद्यासमोर बसतो. पण हा हिशेब तिच्यापुढे मांडवत नाही, कारण भाकरी तीच थापते, आणि उरलेला अर्धा तुकडा फडक्यात गुंडाळताना तिचा चेहरा आम्हांला पाहवत नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. अंगाने अगदी आजोबांवर गेलेला. त्याला आमच्या हातचे सुके फार आवडते. त्याच्याबरोबर तो तीन भाकऱ्या खातो.