तंजावरचें मोठें देऊळ आणि त्यावरील मराठी लेख

दक्षिणयात्रेस निघालेलीं आपल्याकडील कुटुंबें मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी हीं स्थळें आवर्जून करितात; तंजावर मात्र पुष्कळदां दोन गाड्यांच्या मधल्या वेळांत उरकलें जातें. देवळास एक प्रदक्षिणा व नंदीपुढें एक छायाचित्र झालें, कीं मंडळी पुढें निघते. आम्ही या नगरांत दोन दिवस राहिलों, आणि महाराष्ट्रीय माणसानें निदान एवढा अवकाश तरी या गांवास द्यावा, असें आमचें मत झालें. तें कां, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तंजावर हें कावेरीच्या सुपीक प्रदेशांत, तिरुचिरापल्लीच्या पूर्वेस सुमारें ५५ किलोमीटरांवर वसलेलें आहे. येथील बृहदीश्वराचें देऊळ चोलसम्राट् पहिला राजराज यानें बांधविलें व तें इ. स. १०१० मध्यें पुरें झालें. दक्षिणेकडील पुढच्या काळांतील देवळांचीं गोपुरें उंच व गाभाऱ्यावरील शिखर लहान असतें. येथें क्रम अगदीं उलट आहे. गाभाऱ्यावरील तेरा मजल्यांचें विमान सुमारें ६० मीटर उंच असून, द्वारांतून आंत येतांच नजर प्रथम देवाच्या स्थानाकडेच जाते. सर्व बांधणी ग्रॅनाइट दगडाची आहे. या गाळाच्या भुईंत असा दगड मिळत नाहीं. तो सारा दुरून आणावा लागला. शिखरावरील घुमट ८० टनांच्या एकाच शिळेचा आहे आणि त्याची सावली भूमीवर पडत नाहीं, असें वाटाडे सांगतात. वस्तुतः घुमट अनेक शिळा जोडून केलेला आहे, आणि सावली तर आम्हीं सकाळीं अंगणांत पडलेली पाहिली. या देवळाचें मोठेपण अशा कथांच्या आधारावांचून उभें आहे.

त्याच्या भिंती म्हणजे एक लेखसंग्रहच होय. राजराजानें दिलेलीं दानें, देवाचे दागिने, सेवेसाठीं आणविलेल्या ४०० नर्तिकांचीं नांवें व त्यांस दिलेलीं घरें, या सर्वांची नोंद तमिळ लेखांत आहे. पुढें आलेल्या नायक राजांनीं प्रदक्षिणामार्गांतील चोलकालीन चित्रांवर स्वतःचीं चित्रें काढविलीं. खालचीं चित्रें इ. स. १९३१ मध्यें पुन्हां उजेडांत आलीं. नायकांच्या मागून आले ते मराठे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास येथें आपलें राज्य स्थापिलें. त्यांच्या वंशांतील दुसरे सरफोजीराजे यांस इ. स. १७९९ च्या तहानें राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीस द्यावा लागला. त्यानंतर चार वर्षांनीं, इ. स. १८०३ मध्यें, त्यांनीं देवळाच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठींत कोरविला. आम्ही तो अडखळत, मोठ्यानें वाचूं लागलों, तेव्हां एक तमिळ कुटुंब थांबलें व ही कोणती भाषा म्हणून विचारूं लागलें. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, चोलांच्या भिंतीवर, आपल्या आईची भाषा पाहून मनास काय वाटलें तें सांगणें कठीण आहे. राज्य हातचें गेल्यावर, आपण कोण होतों एवढें तरी दगडावर राहावें, असेंच त्या राजाच्या मनांत आलें असावें.

याच राजाचें दुसरें स्मारक राजवाड्यांत आहे. वाडा मूळचा नायकांचा. मराठ्यांनीं तो वाढविला. दरबारांत सरफोजींचा इंग्रज शिल्पकार चँट्री यानें घडविलेला संगमरवरी पुतळा आहे. पण त्यांची खरी ओळख पटते ती सरस्वती महाल ग्रंथालयांत. नायकांच्या वेळचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनीं अपार वाढविला. काशीयात्रेहूनही त्यांनीं पोथ्या आणविल्या. तेथें संस्कृत, तमिळ, तेलुगु हस्तलिखितांच्या जोडीस मराठी पोथ्या व मोडी कागदांचे गठ्ठेही आहेत. पुण्यामुंबईंत मराठी मुद्रणाचा जम बसण्यापूर्वीं सरफोजींच्या छापखान्यांत देवनागरी अक्षरांत मराठी पुस्तकें निघालीं होतीं. इ. स. १८५५ मध्यें त्यांचे पुत्र शिवाजीराजे वारले व औरस पुत्र नाहीं म्हणून गादी खालसा झाली. ग्रंथसंग्रह मात्र राहिला आणि इ. स. १९१८ पासून तो लोकांस खुला आहे.

जाणारांस दोन सूचना. देवळांत अनवाणी फिरावें लागतें व फरशी लवकर तापते. म्हणून पहांटेसच जावें, आणि दुपारीं गाभारा बंद असतांना वाडा व ग्रंथालय पाहावें. मराठी लेखापाशीं मुलांना उभें करून त्यांच्याकडून दोन ओळी तरी वाचवून घ्याव्या. घरांतील एखाद्या तरुणानें किंवा तरुणीनें मोडी लिपि शिकून घेतली, तर याहून चांगलें. त्या गठ्ठ्यांतील कागद आपल्या भाषेंत लिहिलेले आहेत. ते वाचणारे आपल्यांतून निघाले नाहींत, तर कोठून निघावयाचे?