नातवंडांची सुटी आणि आजोबांचे हात

वैशाख लागला कीं आमच्या कुडाळच्या स्टेशनावर प्रत्येक गाडीबरोबर मुलें उतरूं लागतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सलग सुरू झाली, तेव्हांपासून मुंबईचीं नातवंडें रात्रीं गाडींत निजतात आणि सकाळीं आजोबांच्या अंगणांत जागीं होतात. पहिले चार दिवस आंबे, फणस, काजू व भंगसाळ नदीचें पाणी यांत भर्रकन् निघून जातात. पांचव्या दिवशीं दुपारीं मात्र प्रश्न येतो, "आजोबा, आतां काय करूं?" आणि उत्तराची वाट न पाहतां हात मोबाइलकडे जातो.

ज्या घरीं हा प्रश्न दर सुटींत ऐकूं येतो, तेथील वडीलधाऱ्यांसाठीं हे चार शब्द आहेत. जुन्या अकरावीची मॅट्रिक झाल्यावर मी पाठशाळेंत काव्य व व्याकरण शिकलों आणि पुढें सारें आयुष्य मुलांना तेंच शिकविण्यांत घालविलें. हातकामाचा तास माझ्याकडे कधीं आला नाहीं, आणि आला असता तर तो मीं धातुरूपांना लावला असता. म्हणून पुढें जें सांगणार आहें तें जाणत्याचें नव्हे. साठी उलटल्यावर शिकूं लागलेल्या एका विद्यार्थ्याचें आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

गेल्या सुटींत दहा वर्षांचा नातू व सात वर्षांची नात महिनाभर राहावयास आलीं होतीं. विकत कांहीं आणावयाचें नाहीं, परसांत जें मिळेल त्यावरच भागवावयाचें, असें आम्हीं ठरविलें. सर्वांत सोपा निघाला तो फणसाच्या पानाचा बैल. फार कोंवळें नव्हे आणि राठही नव्हे असें मोठें पान घ्यावें. देठाजवळ दोन्हीं कडांना एकेक चीर देऊन तेवढ्या पट्ट्या वर वळवाव्या, म्हणजे शिंगें झालीं. उरलेलें पान पोकळ गुंडाळून त्यांतून देठ ओवावा व देठाला दोरा बांधावा. दोरा ओढला कीं बैल मान हालवितो. नातीनें एका सकाळींत अकरा बैल केले आणि पडवींत बाजार भरविला.

माडाच्या पातीची पिपाणी त्याहून थोडी अवघड आहे. पातीच्या मधला हीर काढून टाकला कीं लांब पट्ट्या मिळतात. पट्टी निमुळत्या टोंकापासून तिरपी गुंडाळीत जावें. प्रत्येक वेढा आधींच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. शेवटीं ती हिराच्या तुकड्यानें टांचावी. बारीक तोंडांत पातीचा दुमडलेला लहानसा तुकडा बसवून फुंकलें म्हणजे असा आवाज निघतो कीं घरांतील दुपारच्या झोंपेची आशा सोडावी. काढलेले हीर फेंकूं नयेत. त्यांची जुडी बांधून ठेवावी. टांचावयास, ओवावयास, भिरभिऱ्याला, सर्वत्र ते लागतात.

तिसरी वस्तु करवंट्यांची तागडी. सारख्या आकाराच्या दोन करवंट्या कांठाशीं घासून गुळगुळीत कराव्या. प्रत्येकीच्या कांठाला सारख्या अंतरावर तीन भोंकें पाडावीं. हें काम मोठ्यांनीं करावें, कारण करवंटी निसटते आणि हत्यार हातांत शिरतें. तिन्ही भोंकांतून सारख्या लांबीचें बारीक सुंभ ओवून वर एक गांठ मारावी. हातभर लांबीच्या काठीच्या दोन टोंकांना या करवंट्या बांधाव्या आणि काठीला मध्यावर सुंभाचा फांस अडकवावा. आमची तागडी झाली खरी, पण एक पारडें खालीं राही. मीं दुसऱ्यांत खडा टाकून पासंग केला आणि 'चालेल' म्हणालों. या तागडीची खरी खुबी मला नंतर कळली. ती यथाक्रम सांगतों.

या सुटीचा खरा उद्योग मात्र एका शब्दावरून निघाला. एके संध्याकाळीं नातवाला नाटकांच्या गोष्टी सांगतां सांगतां मीं सूत्रधाराची व्युत्पत्ति सांगितली. जो सूत्र धरतो तो सूत्रधार. नातू म्हणाला, "पण आजोबा, त्या सूत्राच्या दुसऱ्या टोंकाला काय बांधलेलें होतें?"

वर्गांत हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. १९०० सालीं रिशार्ड पिशेल या जर्मन पंडितानें असें मत मांडलें कीं, नाटकांतील सूत्रधार हा मूळचा बाहुल्यांचीं सूत्रें धरणारा असावा. तें सर्वांना मान्य झालें नाहीं. परंतु आपल्या जुन्या वाङ्मयाला बाहुल्या अपरिचित नव्हत्या हें निश्चित. राजशेखराच्या 'बालरामायणां'त रावणाला भुलविण्यासाठीं सीतेची यंत्रमय पुतळी केलेली आहे, आणि ती बोलावी म्हणून तिच्या मुखांत शिकविलेली सारिका बसविलेली आहे. हें सारें मी नातवाला मोठ्या उत्साहानें सांगूं लागलों. तो म्हणाला, "तशी बाहुली कुठें पाहायला मिळेल?"

तेव्हां मला सांगावें लागलें कीं, पिंगुळीस मिळेल. कुडाळापासून पिंगुळी तीन-चार किलोमीटर, म्हणजे चालत गेलें तर तासाभराचीही वाट नाहीं. तेथील ठाकर समाजानें कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्पिढ्या जपल्या आहेत. श्री. परशुराम गंगावणे यांनीं आपल्या गोठ्यांत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें संग्रहालय २००६ सालीं उभें केलें, आणि २०२१ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. हें सर्व वर्तमानपत्रांत वाचून मला ठाऊक होतें. राजशेखराची बाहुली मीं अनेक वर्षें फळ्यावर समजावून दिली. पिंगुळीची बाहुली पाहावयास मात्र एकदांही गेलों नाहीं. 'ती ठाकरांची कला' असें म्हणून आम्हीं पुस्तकवाल्यांनीं ती दूरच ठेवली. जर्मनींतून आलेलें मत आम्हांला जवळचें वाटलें.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही तिघें गेलों. चित्रकथीचीं चित्रें कागदावर रंगविलेलीं असतात, आणि दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात. अशा साधारण तीस ते पन्नास चित्रांची एक पोथी होते. कथेकरी एकेक चित्र पुढें करून रामायण-महाभारतांतील आख्यान गाऊन सांगतो. छायाबाहुल्या चामड्याच्या; त्यांतून उजेड पार जावा इतकें तें कातडें पातळ केलेलें, त्यावर रंग, आणि दागिन्यांच्या जागीं बारीक भोंकांची नक्षी. नात प्रत्येक भोंक मोजूं लागली. नातू परत येतांना एक शब्द बोलला नाहीं, घरीं येतांच म्हणाला, "आपण करूं या."

चामडें नव्हतें, पण लग्नपत्रिका होत्या. कोणत्याही घरांत जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा असतोच, आणि त्यांचा जाड कागद या कामाला उत्तम. वाचकांना करून पाहावयाचें असेल तर कृति अशी. बाहुली सुमारें वीतभर उंच असावी आणि ती बाजूनें पाहिलेली काढावी, कारण छायेंत नाकडोळ्यांपेक्षां कडाच दिसतात. हात वेगळा कापून खांद्याशीं दोऱ्याच्या दोन गांठींनीं अडकवावा, म्हणजे तो फिरतो. डोळा, मुकुट, कंठी हीं दाभणानें टोंचावीं. त्या भोंकांमागें पतंगाचा रंगीत कागद चिकटविला तर पडद्यावर रंग उमटतात. बाहुलीच्या पाठीस उभी बांबूची काडी आणि हाताला एक हीर बांधावा. पडदा म्हणून जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा दारांत ताणून बांधावा. सुरकुती राहूं देऊं नये. दिवा पडद्यामागें तीन-चार फूट अंतरावर ठेवावा. बाहुली पडद्याला टेकली तर छाया ठसठशीत पडते; ती दिव्याकडे नेली तर छाया मोठी होते पण पुसट दिसूं लागते. राक्षस एकाएकीं मोठा करावयाचा असेल तर हीच युक्ति. समईचा उजेड फार सुंदर, परंतु कापड आणि मुलें जवळ असतां ज्योत ठेवणें धोक्याचें आहे. विजेरी किंवा साधा बल्ब वापरावा.

आतां माझ्या हातून घडलेली चूक सांगतों, कारण ती सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास बसलों.

आम्हीं जटायुवधाचा प्रसंग घेतला होता. नातवानें रावण केला. कापतां कापतां पत्रिका संपली आणि रावणाला नऊच तोंडें झालीं. त्यांतलें एक तर भोपळ्यासारखें. मुलें निजल्यावर मीं तो रावण हातीं घेतला. आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस. नऊवर थांबणें मला शक्य नव्हतें. मीं नवी पत्रिका काढली, पट्टी व पेन्सिल घेऊन दहा सारखीं तोंडें आंखलीं, कापलीं, आणि जुना रावण बंबाच्या सरपणाच्या टोपलींत टाकला.

सकाळीं नातवानें नवा रावण पाहिला. त्यानें तोंडें मोजलीं. मग शांतपणें तो माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "हा तुमचा झाला, आजोबा. माझ्या रावणाला नऊ होतीं." आणि तो मोबाइल घेऊन माजघरांत गेला.

स्वयंपाकघरांतून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, रावणाला एक डोकें दिलेंत आणि पोराचें खेळणें घेतलेंत." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "मागेंही एकदां असेंच केलें होतेंत."

तिला पुढें सांगावें लागलें नाहीं. तीस वर्षांपूर्वीं, या मुलांचा बाप तेव्हां दहा-अकरा वर्षांचा होता. वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशीं तो परसांत करवंट्यांची तागडी करीत बसलेला मला दिसला. मीं एक शब्द न बोलतां ती उचलली आणि पेटत्या बंबांत घातली. तो रडला नाहीं, पुस्तक घेऊन बसला. परीक्षेंत त्याला उत्तम गुण मिळाले आणि माझें बरोबर होतें असें मीं धरून चाललों. त्यानंतर त्यानें हातानें कांहीं केलेलें मला आठवत नाहीं. निदान माझ्यासमोर तरी नाहीं. १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींनीं हस्तोद्योग हा शिक्षणाचा पाया असावा असें मांडलें, ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें, हें सारें मीं शिक्षकांच्या परीक्षेंत लिहून गुण मिळविले होते. घरांतल्या मुलाच्या तागडीशीं त्याचा संबंध आहे हें मला सुचलें नव्हतें.

सुदैवानें त्या सकाळीं बंब अजून पेटला नव्हता. नातीनें टोपलींतून नऊ तोंडांचा रावण शोधून आणला. मीं माझा रावण बाजूला ठेवला आणि नातवाजवळ जाऊन म्हणालों, "मला जटायु करावयाचा आहे, पंख कसा अडकवूं तें दाखव." माझ्या जटायूचा पंख शेवटपर्यंत नीट हालला नाहीं. तो सुधारण्याची परवानगी मुलांनीं मला दिली, पण कात्री माझ्याच हातीं ठेवली.

खेळाच्या दिवशीं मुलांना न्यावयास चिरंजीव मुंबईहून आले. रात्रीं पडवींत शेजारचीं मुलेंमाणसें जमलीं. एका चुणचुणीत मुलानें रावणाचीं तोंडें मोजून ओरडून सांगितलें, "नऊच आहेत!" पडद्यामागून लगेच उत्तर आलें, "दहावें मागच्या बाजूला आहे!" सगळे हंसले. छायेच्या खेळांत हें उत्तर शास्त्रशुद्धच आहे; माझ्या पट्टी-पेन्सिलीला तें सुचलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिरंजीव पडवींत आले आणि खुंटीवरची तागडी त्यांनीं काढून घेतली. पासंगाचा खडा काढला, पारडें खालीं गेलें. ते म्हणाले, "बाबा, तुम्हीं काठी मोजून मध्य काढलात. पण बुंध्याकडे ती जाड आहे. आधीं नुसती काठी बोटावर तोलायची. जिथें आडवी राहील तिथें खूण करायची. मग त्या खुणेपासून दोन्हींकडे सारख्या अंतरावर करवंट्या बांधायच्या. तरीही एक जड लागली तर ती दगडावर घासायची. मग पासंग लागत नाहीं." बोलतां बोलतां त्यांनीं गांठी सोडल्या होत्या. मुलगा व मुलगी दोन बाजूंस उकिडवीं बसलीं. अर्ध्या तासानें तागडी सरळ उभी राहिली.

मीं विचारलें, "हें तुला अजून आठवतें?"

ते म्हणाले, "ती पुरी झाली होती, बाबा. लावून बघायची तेवढी राहिली होती."

मीं त्यांची क्षमा मागितली. बापानें मुलाची क्षमा मागण्याची आमच्या घरीं चाल नाहीं, म्हणून शब्द नीट जमले नाहींत. चिरंजीव खालीं पाहून सुंभाची गांठ आंवळीत राहिले. मग म्हणाले, "हा फांस जरा धरा." मीं धरला.

वाचकहो, सुटींतले हे उद्योग अगदीं सोपे आहेत. त्यांना पैसा लागत नाहीं कीं विशेष कौशल्य लागत नाहीं. सुरी व दाभण मोठ्यांच्या हातीं असावें, बाकी सर्व मुलांच्या. वस्तु वाकडी झाली तर वाकडी राहूं द्यावी. फारच हात शिवशिवूं लागले तर आपली वेगळी करावयास घ्यावी. आणि संध्याकाळीं झाडलोट करतांना, टोपलींत काय टाकतों आहों तें एकदां मुलांना विचारावें.

तागडी पडवीच्या खुंटीवर आहे. नऊ तोंडांचा रावण मुंबईस गेला. हिरांची नवी जुडी मीं यंदां आधींच वाळत घातली आहे.