निष्ठा, करार आणि एक कागदी रुमाल

(१) ५ ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळी बार्सिलोना क्लबने निवेदन काढले की लिओनेल मेस्सी यापुढे क्लबकडून खेळणार नाही. खेळाडूला राहायचे होते, क्लबला त्याला ठेवायचे होते आणि नव्या करारावर एकमतही झाले होते. तरीही तो गेला. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. हा धागा त्याच प्रवासाचा आहे, आणि थोडासा माझ्या मनाचाही.

(२) मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठ आणि तालीम. शाहू स्टेडियमवर संघ उतरतो तेव्हा अकरा खेळाडूंच्या मागे अख्खी पेठ उभी असते. एखादा खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीकडून खेळू लागला की कट्ट्यावर एकच शब्द ऐकू येई: ‘फुटला!’ निष्ठा हा शब्द मला बखरींच्या आधी फुटबॉलने शिकवला. त्यामुळे मेस्सी गेला त्या रात्री मित्रांचा प्रश्न ठरलेला होता, “पैशासाठी गेला ना?” त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नव्हते.

(३) ‘पूर्वीचे खेळाडू एकाच क्लबला आयुष्य वाहत’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. त्यामागची व्यवस्था मात्र क्वचित सांगितली जाते. १८९३ पासून इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये असा नियम होता की खेळाडूची नोंदणी ज्या क्लबकडे, त्याच्या परवानगीशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. कराराची मुदत संपली तरी क्लब त्याचे नाव ‘राखून ठेवलेल्यांच्या’ यादीत घालू शकत असे. त्यात १९०१ पासून कमाल वेतनही ठरवून दिले गेले: आठवड्याला ४ पौंड.

(४) या व्यवस्थेचा सर्वांत लाडका चेहरा म्हणजे टॉम फिनी. १९४६ ते १९६० तो प्रेस्टन नॉर्थ एंडसाठी खेळला. इंग्लंडकडून ७६ सामने खेळलेला हा माणूस पोटासाठी नळदुरुस्तीचा व्यवसायही करीत असे. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याच्यापुढे १०,००० पौंडांची रक्कम, दरमहा १३० पौंड आणि राहायला बंगला असा प्रस्ताव ठेवला. तेव्हा इंग्लंडमधील वेतनमर्यादा आठवड्याला सुमारे १४ पौंड होती. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय संपला.

(५) फिनीचे आपल्या गावावर मनापासून प्रेम होते, यात शंका नाही. पण त्याच्या निष्ठेची परीक्षा कधी झालीच नाही, कारण निवड त्याच्या हातात नव्हती. ज्या काळाकडे आपण हळव्या नजरेने पाहतो, त्या काळी दाराला बाहेरून कडी होती. आत राहणाऱ्यांपैकी प्रेमाने किती राहिले आणि कडीमुळे किती, हे आज कोणालाच वेगळे काढता येणार नाही.

(६) ही कडी हळूहळू निघाली. खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये वेतनमर्यादा रद्द झाली. तेव्हा ती आठवड्याला २० पौंडांवर पोहोचली होती. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल क्लब सोडत नव्हता. त्याने काही महिने फुटबॉल बाजूला ठेवून चक्क बुचे विकण्याची नोकरी केली. पुढे तो आर्सेनलकडे गेला, पण खटला त्याने मागे घेतला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असे राखून ठेवणे हा त्याच्या व्यवसायावरील गैरवाजवी निर्बंध ठरवला.

(७) शेवटचा घाव बेल्जियममधून पडला. ज्याँ-मार्क बॉस्मन हा कोणी मोठा तारा नव्हता. १९९० मध्ये करार संपल्यावर लिएज क्लबने त्याला एक चतुर्थांश पगार देऊ केला, आणि फ्रान्समधल्या डंकर्क क्लबकडे जाऊ म्हटले तर तेही होऊ दिले नाही. पाच वर्षे तो न्यायालयात झगडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला युरोपीय खेळाडू हस्तांतर शुल्काशिवाय दुसऱ्या सदस्य देशातील क्लबकडे जाऊ शकतो. या निकालाचे पैसे पुढच्या पिढ्यांनी कमावले. बॉस्मनची स्वतःची कारकीर्द मात्र त्या लढाईत संपून गेली.

(८) त्यानंतर पाच वर्षांना एक दिवस कमी असताना, १४ डिसेंबर २००० रोजी, बार्सिलोनातल्या एका टेनिस क्लबमध्ये कार्लेस रेक्साच यांनी कागदी रुमालावर चार ओळी लिहिल्या. रोसारिओहून आलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला क्लबमध्ये घेण्याचे ते वचन होते. मुलाच्या शरीराची वाढ खुंटली होती, उपचार महाग होते आणि वडिलांचा धीर सुटत चालला होता. त्या रुमालावरच्या मुलाने पुढे बार्सिलोनासाठी ७७८ सामन्यांत ६७२ गोल केले.

(९) तो घडत होता त्याच काळात क्लबही बदलत होता. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची मालकी त्याच्या सभासदांकडे आहे. शतकाहून अधिक काळ त्यांच्या जर्सीवर कोणाचीही जाहिरात नव्हती. २००६ मध्ये युनिसेफचे नाव आले, तेही क्लबनेच त्या संस्थेला पैसे देऊन. २०११ मध्ये कतार फाउंडेशनचे नाव आले, आणि या वेळी पैशाचा ओघ उलट दिशेने होता. त्याच वर्षी कतारच्याच गुंतवणूकदारांनी पॅरिस सेंट-जर्मेन हा क्लब विकत घेतला. दोन घटना, एकच वर्ष. इतिहासाच्या वाचकाने अशा ठिकाणी पेन्सिलीने खूण करावी.

(१०) २०१७ मध्ये त्याच पॅरिसच्या क्लबने २२.२ कोटी युरो मोजून नेमारला बार्सिलोनाहून नेले. हाती आलेला पैसा बार्सिलोनाच्या पचनी पडला नाही. डेंबेले, कुटिन्यो आणि पुढे ग्रिझमन, प्रत्येकासाठी १० कोटी युरोंहून अधिक खर्च झाला. वेतनाचा डोंगर वाढत गेला, आणि त्या डोंगराचे शिखर मेस्सीचाच करार होता. हे चाहत्याने मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये एका स्पॅनिश दैनिकाने त्याचा चार वर्षांचा करार छापला; त्यातली कमाल रक्कम ५५ कोटी युरोंच्या वर होती.

(११) त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये मेस्सीने नोंदणीकृत पत्र पाठवून क्लब सोडण्याचा आपला हक्क मागितला होता. क्लबने सांगितले की मुदत १० जूनला संपली. आता जायचे तर ७० कोटी युरो भरावे लागतील. ज्या क्लबने आपल्याला घडवले त्याला कोर्टात खेचणार नाही, असे सांगून तो थांबला. म्हणजे एका वर्षी जायचे होते तेव्हा कराराने अडवले आणि पुढच्या वर्षी राहायचे होते तेव्हा हिशेबाने घालवले.

(१२) तो हिशेब असा होता. महामारीत जवळजवळ एक लाख आसनांचे मैदान रिकामे राहिले; संग्रहालय आणि दुकाने बंद पडली. २०२०-२१ चा तोटा ४८ कोटी युरोंच्या पुढे गेला आणि कर्ज १३५ कोटींवर पोहोचल्याचे अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितले. स्पॅनिश लीग २०१३ पासून प्रत्येक क्लबच्या खेळाडूंवरील खर्चाला उत्पन्नानुसार मर्यादा घालते. बार्सिलोनाची वेतने उत्पन्नाच्या ११० टक्के होती, आणि मेस्सीला वगळले तरी ९५ टक्के. पगार निम्मा करण्याची त्याची तयारी होती. तरीही नोंदणी होईना.

(१३) एक वाट शिल्लक होती. लीगने नुकताच एका गुंतवणूक कंपनीशी व्यवहार ठरवला होता. त्यात सामील झाल्यास तातडीने पैसा मिळाला असता, पण प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा वाटा ५० वर्षांसाठी गहाण पडला असता. लापोर्तांनी नकार दिला. मला ते त्या दिवशी निर्दय वाटले. आज विचार करतो तेव्हा वाटते, नातवाच्या वाटणीची जमीन गहाण टाकून लाडक्या मुलाला घरात ठेवणारा कारभारी आपण शहाणा म्हटला असता का? मात्र तिजोरी रिकामी करणारे आधीचे कारभारी या प्रश्नातून सुटत नाहीत.

(१४) ८ ऑगस्टला मेस्सी सर्वांसमोर रडला आणि १० तारखेला पॅरिसचा झाला. नेमारला नेणाऱ्या त्याच क्लबचा. मग ‘फुटला’ कोण? मी हा शब्द त्याच्यासाठी वापरू शकत नाही, आणि आता कोणासाठीही तो उच्चारताना अडखळतो. खेळाडूकडे करार असतो, क्लबकडे ताळेबंद असतो, लीगकडे नियमावली असते. चाहत्याकडे कसलाच कागद नसतो. त्याने रात्री जागवलेल्या असतात, जर्सी विकत घेतलेल्या असतात, आणि त्याच्या या प्रेमाची रक्कम क्लबच्या ताळेबंदात उत्पन्न म्हणून मांडलेली असते. हे कळल्यावर प्रेम कमी झाले नाही, पण राग कोणावर धरायचा हे नीट समजले.

(१५) फिनीच्या काळात परत जावे असे मला वाटत नाही. दार उघडे असताना राहिलेला खेळाडू अधिक मोलाचा, आणि ते उघडे राहावे म्हणून बॉस्मनने मोजलेली किंमत विसरता कामा नये. तरी त्या उघड्या दारातून आपला माणूस निघून जातो तेव्हा पोटात तुटतेच. तेही खरे आहे.

(१६) रुमालाचे काय झाले? मे २०२४ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि तो ७,६२,४०० पौंडांना विकला गेला. एका मुलाला दिलेला शब्द अखेर बाजारात मोलाने विकला गेला. पण त्यावर बोली लागली ती कागदाची नव्हे. त्या कागदावर जीव लावणारी माणसे जगभर होती, म्हणून लागली.

तुमच्या गावच्या मैदानावर कोणी असा ‘फुटला’ असेल, तर त्याचे नाव न घेता त्याची हकीकत जरूर लिहा. त्याच्या बाजूनेही.