पिंपातली परीक्षा

यंत्र सुरू झाले म्हणजे ते दुरुस्त झाले, असे आपण चटकन मानतो. वसईच्या खाडीकाठच्या एका वृद्ध कोळीबांधवाच्या होडीचे जुने टू-स्ट्रोक मशीन तपासताना हा समज आम्हांला तपासून पाहावा लागला.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मशीन पडून होते. अशा वेळी कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते, चिकट साका उरतो आणि जेटचे बारीक छिद्र बुजते. या यंत्रात वंगणाचे तेलही पेट्रोलातूनच पोहोचते. त्यामुळे जेट अर्धवट बुजला, तर वेग कमी होतोच, शिवाय वंगणाअभावी पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

साफसफाईनंतर मशीन पाण्याच्या पिंपात टांगले. कोरडे चालविले, तर पंपाचे रबरी चक्र जळते. तिसऱ्या ओढीला ते सुरू झाले. थंडाव्याच्या पाण्याची धारही सरळ पडू लागली. नातू हर्षाने म्हणाला, "झालं, आजोबा! उद्या जायचं!"

म्हातारबाबा आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, पिंपात सगळीच मशिनं शहाणी असतात."

भरतीच्या वेळी वल्ही सोबत घेऊन आम्ही काठाकाठाने निघालो. मंद गतीत सारे सुरळीत होते. पूर्ण वेग देताच मशीन अडखळून बंद पडले. वल्हवत परतलो. जेट पुन्हा उघडला, तेव्हा कणभर साका निघाला. दुसऱ्या फेरीत ते अर्धा तास अखंड चालले. मगच नातवाला समुद्रावर जाण्याची परवानगी मिळाली.

वाचकहो, भार पडल्यावाचून कोणत्याच दुरुस्तीची खात्री पटत नाही. मात्र ती परीक्षा काठाजवळच घ्यावी.