सुवर्णनगरीची बाजारवार्ता
जळगावच्या व्यापाराची बातमी बहुधा सोन्याच्या भावापासून सुरू होते. राजमल लखीचंद ही येथील १८५४ पासूनची पेढी. आखाजी (अक्षय्य तृतीया), दसरा, धनत्रयोदशीला सराफ बाजारात उसळणारी गर्दी ही शहराची मोठी घडामोड. मात्र त्या गर्दीतला बराचसा पैसा शेतातून येतो: कापसातून आणि रावेर-यावलच्या केळीतून. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पीक बुडाले की सराफी पेढीही थंडावते. कोणत्याही उद्घाटनाच्या बातमीपेक्षा हे नाते अधिक मोलाचे. येथील उद्योजक भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारातून केलेली सुरुवात ठिबक सिंचनापर्यंत पोहोचली, तीही शेतीलाच धरून. शिवाय जळगावात डाळमिल आणि चटईचे कारखाने आहेत.